ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोणी किती काम केलं ते असं बघा
चार जणांचा ग्रुप, एकटीच राबते आणि मार्क सगळ्यांना सारखे, दरवर्षीचंच रडगाणं. रिपोर्ट गूगल डॉक्समध्येच लिहायला लावा आणि स्वतःला एडिटर म्हणून अ‍ॅड करून घ्या, नुसता व्ह्यू अ‍ॅक्सेस असला तर हिस्ट्री (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) दिसत नाही.

१. लिंक सगळ्यांना ओपन ठेवू नका, ईमेल टाकूनच शेअर करायला सांगा, नाहीतर नावंच येत नाहीत.
२. विंडोज लॅपटॉपवर डॉक उघडून कंट्रोल+आल्ट+शिफ्ट+एच दाबा, हिस्ट्री उघडते.
३. उजवीकडच्या तारखांवर क्लिक केलं की कोणी काय लिहिलं ते वेगवेगळ्या रंगात दिसतं. सगळ्या तारखा सबमिशनच्या आदल्या रात्रीच्या असल्या की समजून जायचं 😄

पण नुसते रंग बघून मार्क कापू नका, बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं एकानेच पेस्ट केलं की सगळं त्याच्याच नावावर दिसतं.