ग्रीनहाऊसमधली हिवाळी भाजी : तयारी सप्टेंबरातच

टोरांटो, शिकागो, बोस्टन, मिनिआपोलिस या पट्ट्यात ज्यांच्या परसात छोटं ग्रीनहाऊस आहे, अशा मराठी घरांसाठी हा सल्ला. साधारण 6 बाय 8 फुटांचं, पॉलिकार्बोनेटचं किंवा प्लॅस्टिकचं, आत हीटर नसलेलं घर डोळ्यांसमोर धरलं आहे. तारखा टोरांटोच्या धरल्या आहेत. शरदातल्या तारखा मिनिआपोलिसकरांनी आठवडाभर अलीकडे आणि न्यू जर्सीकरांनी आठवडाभर पलीकडे सरकवाव्यात.

थंडीची धास्ती सगळेच घेतात, पण हिवाळ्यात पीक अडतं ते आधी उजेडावर. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास 11 तासांचा असतो. टोरांटोत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 9 तासही भरत नाहीत. दिवस 10 तासांच्या खाली गेला की पालेभाजीची वाढ जवळजवळ थांबते, आणि टोरांटोत हे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं. तेव्हा नोव्हेंबर लागायच्या आत भाजी खुडण्याजोगी झालेली हवी. पुढचे तीन महिने ग्रीनहाऊस ती फक्त सांभाळतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत हौसेनं टाकलेली मेथी दोन पानांवर बसून राहते ती याच कारणानं, बियाणं वाईट म्हणून नव्हे.

पेरणी त्या हिशेबानं मागे मोजत यायची. उन्हाळ्यात 40 ते 45 दिवसांत येणाऱ्या पालकाला या दिवसांत दोन-तीन आठवडे जास्त लागतात. त्यामुळे पालक ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कोथिंबीर साधारण त्याच सुमारास, मुळा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मेथी तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालेल. मेथीला किराणा दुकानातले दाणे पुरतात. रात्रभर भिजवून दाट फोकावेत. धणे मात्र रगडून दोन फोडी कराव्यात, नाहीतर उगवण मागेपुढे होते. जून-जुलैच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर येते. इथला तिचा खरा हंगाम शरदातच आहे, तो दवडू नका.

पालकाचं बियाणं घेताना एक बघा. आपल्याकडचा 'ऑल ग्रीन'सारखा पालक हा बीटच्या कुळातला. तो हलकी थंडी सोसतो, पण इथल्या जानेवारीत टिकेलच असं नाही. हिवाळ्यासाठी इथल्या दुकानातला, जाड सुरकुतलेल्या पानांचा स्पिनॅच घ्या; तो शून्याखाली आठ-दहा अंशही (इथे सगळे अंश सेल्सिअस) काढतो. सकाळी दार उघडल्यावर त्याची पानं काचेसारखी कडक आणि अर्धपारदर्शक दिसतील. त्या वेळी हात लावायचा नाही, कारण गोठलेलं पान दाबलं की पेशी फुटतात आणि तासाभरात ते काळं पडतं. दुपारी ऊन लागून पान पुन्हा मऊ-ताठ झालं की खुडा. रात्री गोठलेल्या पालकाला गोडी जास्त असते, कारण थंडीत तो पानांत साखर साठवतो.

माठ, वांगी, मिरची, भेंडी यांना मारायला एकच दहिवराची, म्हणजे पानांवर हिम धरण्याची, रात्र पुरे होते. त्यांच्यासाठी ग्रीनहाऊस म्हणजे ऑक्टोबरमधले जास्तीचे तीन-चार आठवडे, त्यापुढे हट्ट नको. अपवाद वालाचा. गावाकडून आलेल्या वाल-पावट्याच्या बहुतेक जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. जून ते ऑगस्ट नुसता वेल माजतो, सप्टेंबरात कुठे तुरे दिसतात आणि शेंगा भरायच्या आत ऑक्टोबरचं दहिवर सगळं संपवतं. "आमच्याकडे वाल होतच नाही" ही तक्रार इथून येते. वेल ग्रीनहाऊसच्या आत चढवला असेल तर आता शेंडे खुडा, नवीन फुटवे काढा आणि रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जायला लागलं की संध्याकाळी चारच्या सुमारास हवेच्या झडपा बंद करा. पुढच्या वर्षी बेंगळुरूच्या फलोद्यान संशोधन संस्थेच्या 'अर्का जय' किंवा 'अर्का विजय' या झुडपी जाती मिळाल्या तर लावा. त्या दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत. बियाणं बॅगेत लपवून आणू नका, अमेरिकेत त्यासोबत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

आता थंडीचं. ग्रीनहाऊसच्या आत वाफ्यावर तारेच्या कमानी करून नॉन-वोव्हन कापड टाकायचं, म्हणजे आपल्याकडे कलिंगडावर टाकतात तेच क्रॉप कव्हर. चौरस मीटरला 17 ते 19 ग्रॅमचं कापड एक-दोन अंश सांभाळतं, 30 ग्रॅमचं दोन-तीन, पण जाड कापड उजेडही जास्त खातं. म्हणून ऑक्टोबरात पातळ, डिसेंबरात त्यावर जाड, आणि उन्हाच्या दिवशी जाड कापड बाजूला. कापड पानाला टेकता कामा नये. जिथे टेकतं तिथे पान चिकटून गोठतं.

हीटरचं गणित एकदा मांडून बघा. 6 बाय 8च्या घराला भिंती-छत मिळून साधारण 20 चौरस मीटर पृष्ठभाग असतो. एकेरी प्लॅस्टिकमधून दर चौरस मीटरला, दर अंशाला अंदाजे 6 वॅट उष्णता बाहेर जाते. बाहेर उणे 15, आत 5 ठेवायचं, म्हणजे फरक 20 अंशांचा. तेव्हा 2,400 वॅट सतत लागतील. घरगुती हीटर 1,500 वॅटचा असतो. रात्रभरात तो 18 युनिट खाईल आणि तरी कमी पडेल. 6 मिलिमीटरच्या दुहेरी पॉलिकार्बोनेटमध्ये गळती जवळपास 40 टक्के घटते, तरीही डिसेंबरच्या चार जुड्या पालकासाठी हे परवडत नाही. रॉकेल किंवा गॅसची शेगडी तर बंद घरात अजिबात लावू नका. कार्बन मोनॉक्साइड तुमच्यासाठी घातक, आणि इथिलीननं पानं पिवळी पडतात.

त्यापेक्षा पाण्याचं पिंप ठेवा. काळ्या रंगाचं 200 लिटरचं पिंप 10 अंशांनी निवताना सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त उष्णता सोडतं. ते गोठायला लागलं तर आणखी 18 युनिट. पिंप उत्तरेच्या बाजूला, ऊन थेट पडेल असं ठेवा, आणि काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो. हिवाळ्यात उत्तरेच्या भिंतीतून ऊन येत नाही, नुसती उष्णता जाते. लडाखमध्ये म्हणूनच ग्रीनहाऊसची उत्तरेची भिंत जाड मातीची असते. आपण आतून 5 सेंटिमीटर जाडीचं फोम बोर्ड लावून त्याला पांढरा रंग द्यावा. तेच बोर्ड बाहेरून पायाभोवती फूट-दीड फूट खोल पुरलं की बाजूनं शिरणारा गारठा अडतो.

ग्रीनहाऊस अजून उभं करायचं असेल तर जागा डिसेंबरच्या सावलीवरून ठरवा. टोरांटोत त्या दिवसांत दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 23 अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या 6 फुटी कुंपणाची सावली 14 फूट लांब पडते. जूनमध्ये उन्हात न्हालेला कोपरा डिसेंबरात दिवसभर अंधारात असू शकतो.

थंडीत वाचलेली रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये उकडून मरतात. बाहेर उणे 2 आणि स्वच्छ ऊन असलं की बंद घरात तासा-दीड तासात तापमान 30च्या वर जातं. तुम्ही कामावर, दार बंद. मेणाच्या सिलिंडरवर चालणारी स्वयंचलित झडप घ्या. मेण तापून फुगतं आणि झडप उचलतं, वीज लागत नाही. सगळ्या खर्चांत हा पहिला करावा. ढगाळ, दमट आठवड्यात करडी बुरशी येते. खालची पिवळी पानं काढत राहा, दुपारी थोडा वेळ दार उघडा, आणि पाणी सकाळीच, तेही माती वाफशाखाली, म्हणजे बेताच्या ओलाव्यापेक्षा जास्त, सुकली असेल तरच. डिसेंबरात दोन-दोन आठवडे पाणी लागत नाही.

बर्फ पडला की छत मऊ झाडूनं लगेच साफ करा. ताजा भुसभुशीत बर्फ फूटभर साचला तरी चौरस मीटरला 30 किलोच्या आसपास भार होतो, ओला बर्फ त्याच्या दुपटीहून जड. साध्या तयार किटचं छत एवढ्याला वाकतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून थांबलेला पालक आपोआप पाती फेकू लागेल. त्याच्या कडेला मेथी आणि शेपू टाका. मिरची-वांग्याचं बी फेब्रुवारीच्या शेवटी राहत्या घरात, 25 ते 28 अंश उबेत रुजवा. रोपं एप्रिलच्या मध्याला ग्रीनहाऊसमध्ये न्या, पण रात्री कापडाखाली. बाहेर लावायची घाई व्हिक्टोरिया डेच्या (कॅनडातली मेच्या उत्तरार्धातली सुट्टी) आधी करू नका. भेंडीचं बी तर माती 18 अंशांवर गेल्याशिवाय कुजतं. कढीपत्त्याची कुंडी मात्र या सगळ्या काळात घरात, दक्षिणेच्या खिडकीत. पानं गळली तरी खोड खरवडून आत हिरवं दिसतंय तोवर टाकून देऊ नका, पाणी कमी करा.