दिवाळीच्या किल्ल्यात बायझंटाईन सीमाप्रांत कसा उभारावा

कोकणात दिवाळीच्या आधी घरोघरी खळ्यात किल्ले उभे राहतात आणि त्यांत रायगड, प्रतापगड व सिंधुदुर्ग यांचीच संख्या मोठी असते. ज्या मंडळाला किंवा शाळेतल्या मोठ्या मुलांच्या गटाला यंदा काही वेगळे करून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. विषय आहे मध्ययुगीन बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यातील क्लेइसुरा, म्हणजे घाटवाटा आणि त्यांच्या आसपासचा मुलूख सांभाळणारा लहानसा लष्करी सीमाप्रांत. सातव्या शतकात अरबांनी सीरिया व इजिप्त जिंकल्यावर पूर्वेकडे हे साम्राज्य आजच्या तुर्कस्तानातल्या टॉरस पर्वताच्या मागे सरकले. आतला मुलूख थीम नावाच्या मोठ्या प्रांतांत वाटलेला होता आणि प्रत्येक थीमवर स्ट्रॅटेगोस हा सेनापती कारभार पाहत असे. डोंगराच्या कडेने मात्र छोट्या क्लेइसुरा पाडण्यात आल्या आणि त्यांवर क्लेइसुरार्क हा अधिकारी नेमला गेला. खार्सियानोन, कप्पादोकिया आणि सेल्यूकिया ही त्यांतली ठळक नावे. पुढे या क्लेइसुरांना बढती मिळून त्यांच्याही थीम झाल्या.

पहिली सूचना अशी, की बालेकिल्ल्यापासून सुरुवात करू नये. आपल्या हाताला सवय असते ती आधी माथा उभा करून मग त्याला तटबुरूज चढवण्याची. पण क्लेइसुरेत गड हा एकटा नायक नसतो. शत्रूला सरहद्दीवरच अडवून परत पाठवावे इतके सैन्य तिच्यापाशी बहुधा नसे. तो घाट चढून आत आला तरी त्याच्या हाती फारसे काही लागू द्यायचे नाही, आणि लूट घेऊन तो परत निघाला की त्याच घाटात त्याची वाट धरायची, अशी ही सगळी रचना होती. म्हणून आधी वाट आखावी, वाटेवर घाट बसवावा, आणि गड, चौक्या व गावे या वाटेच्या सोयीने मागाहून ठेवावीत. हा क्रम चुकला तर शेवटी जे उभे राहते तो परदेशी नावाचा रायगडच असतो.

त्याआधी साल ठरवून घ्यावे, कारण या सरहद्दीवर गड सारखे हात बदलत होते. सम्राट थिओफिलोसच्या कारकिर्दीची पहिली दोन वर्षे, म्हणजे सन ८३० चा सुमार, या कामासाठी सर्वांत सोयीची आहेत. कप्पादोकिया त्याच सुमारास क्लेइसुरेची थीम झाली, आणि घाटमाथ्यावरचा लूलोन हा महत्त्वाचा गड अजून बायझंटाईन ताब्यात होता. ८३२ मध्ये खलिफा अल्-मामूनने तो घेतला आणि पुढेही तो हात बदलत राहिला. हा खलिफा पुढच्याच वर्षी, ८३३ मध्ये, याच डोंगरपट्ट्यातल्या मोहिमेवर असताना वारला आणि त्याला टॉरसच्या दक्षिणेला, अरबांच्या ताब्यात असलेल्या तार्सस शहरात पुरण्यात आले.

जागा साधारण सहा फूट लांब व चार फूट रुंद असावी. दक्षिणेच्या कडेला समुद्राची एक पट्टी, तिला लागून सिलिशियाचे सपाट मैदान व त्यात तार्सस शहर, मध्ये आडवी टॉरसची भिंत आणि तिच्या उत्तरेला उंच पठार, अशी मांडणी येते. कोकणातल्या मुलांना इथे एक गोष्ट आवर्जून दाखवावी. आपण समुद्र आणि घाट यांच्या मधल्या पट्टीत राहतो, त्यामुळे या चित्रात आपली जागा तार्ससकडे, म्हणजे अरबांच्या बाजूला पडते. बायझंटाईन मंडळी घाटावरची. हल्ला खालून वर जाई आणि लूट वरून खाली येई. ही दिशा मुलांच्या डोक्यात एकदा पक्की बसली, की पुढचे निम्मे काम समजावून सांगावे लागत नाही.

सामान गावातच मिळते. डोंगराच्या आतल्या भरावासाठी जांभ्याचे तुकडे, फुटके चिरे आणि फुटकी कौले रचावीत, त्यांवर ओले गोणपाट पसरावे आणि मग माती थापावी. दगडधोंडे नुसते मातीत रोवून उभा केलेला डोंगर परतीचा पाऊस आला की एका रात्रीत बसतो. गोणपाटामुळे माती धरून राहते. रंगाची अडचण वेगळी आहे. आपली माती तांबडी, आणि कप्पादोकियाचे पठार फिकट, राखाडी-पिवळसर. ते ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाचे आहे. म्हणून पठाराच्या वरच्या थरासाठी चिकणमातीत चुलीतली चाळलेली राख निम्म्याने मिसळावी, आणि सुकल्यावर रंग फारच काळपट वाटला तर चुन्याचा पातळ हात द्यावा. टॉरसच्या उतारांना तांबडी माती तशीच ठेवली तरी चालते. मोहरी किंवा अळीव सिलिशियाच्या मैदानात दाट पेरावे आणि पठारावर फक्त ओढ्यांच्या काठाने विरळ. पेरणी वसुबारसेच्या आठवडाभर आधी झाली पाहिजे, नाहीतर भाऊबीज उलटून जाते आणि मैदान उघडेच राहते.

आता घाट. तार्ससहून पठारावर जाणारी मुख्य वाट सिलिशियाचे दरवाजे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खिंडीतून जाते. खिंडीसाठी दोन उभे चिरे समोरासमोर, मध्ये जेमतेम दोन बोटांचे अंतर ठेवून रोवावेत, आणि त्यांच्या आतल्या बाजूंना माती न लावता दगड उघडाच ठेवावा. मातीचा एक घोडा त्यातून सरळ जाईल पण दोन घोडे शेजारी शेजारी जाणार नाहीत, एवढीच ती रुंद असावी. हे मोठ्यांनी बोट दाखवून सांगण्याऐवजी मुलांनाच घोडे ढकलून पाहू द्यावे. खिंडीच्या दोन्ही तोंडांशी वाट रुंद करावी, म्हणजे आत शिरणारी फौज कुठे लांबते आणि तिची शेपटी कुठे अडकते ते डोळ्यांना दिसते. खिंडीच्या उत्तरेला, वाट पठारावर उघडते तिथे, लूलोनचा गड एका सुट्या टेकडीवर बसवावा. तट साधा आणि आटोपशीर असावा, शोभेचे बुरूज वाढवू नयेत.

टेहळणीची व्यवस्था दहाव्या शतकातल्या एका युद्धविषयक ग्रंथात तपशिलाने सांगितलेली आहे. सम्राट निकेफोरोस फोकासच्या नावाशी जोडलेला हा ग्रंथ नेमका याच सरहद्दीवरच्या गनिमी लढाईबद्दल आहे. त्यातल्या उपदेशानुसार चौक्या उंच, अवघड डोंगरांवर एकमेकींपासून तीन-चार मैलांवर असाव्यात, एका चौकीने शत्रू पाहिला की पुढच्या चौकीला कळवावे, आणि पहारेकरी पंधरवड्याने बदलावेत. किल्ल्यात या चौक्या फार नटवू नयेत. करवंटीचा एक तुकडा उपडा ठेवून त्यावर माती लिंपली की पुरे. महत्त्वाचे हे, की एका चौकीतून पुढची दिसली पाहिजे. सर्व चौक्या बसवल्यावर डोळा जमिनीलगत आणून हे तपासावे, आणि मध्ये उंचवटा येत असेल तर उंचवटा न कापता चौकीच हलवावी, कारण खऱ्या डोंगरातही पर्याय तोच होता.

इशारा मिळाला की गावकऱ्यांनी गुरेढोरे व धान्य घेऊन गडात किंवा सुरक्षित जागी जायचे, हा या प्रांताच्या जगण्याचाच भाग होता. अरब लेखक कुदामा याने स्वाऱ्यांचे हंगाम नोंदवले आहेत: वसंतातली स्वारी मेच्या मध्याच्या सुमारास, घोडी कोवळ्या चाऱ्यावर पोसली की निघे; उन्हाळी स्वारी जुलैत; हिवाळ्यातली अगदी थोड्या दिवसांची. कप्पादोकियात लपायला जमिनीखालची नगरेही होती. त्यांपैकी देरिंकुयू या नगराचे खोदकाम सुमारे ८५ मीटर खोल जाते आणि त्याच्या बोळांची तोंडे जात्याच्या तळीसारखी गोल शिळा आतून लोटून बंद करता येत. हे दाखवायला पठाराचा एक कोपरा कडेने सुरीने उभा कापावा, कापलेल्या बाजूला चमच्याने तीन-चार मजले कोरावेत आणि बोळाच्या तोंडाशी घासून गोल केलेला कौलाचा तुकडा उभा ठेवावा. माती अर्धवट सुकलेली असतानाच हे काम होते. ओली असताना छत खाली येते आणि पूर्ण सुकल्यावर तडे जातात. बघायला येणारे सर्वांत जास्त वेळ याच कोपऱ्यापाशी थांबतात, म्हणून तो अंगणाच्या फाटकाकडे ठेवलेला बरा.

आता पणत्या. थिओफिलोसच्या काळात गणितज्ञ लिओ याने लूलोनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत नऊ ठिकाणांची अग्निसंकेतांची साखळी योजली, असे बायझंटाईन ग्रंथकार सांगतात. अंतर सुमारे ७२० किलोमीटर, आणि संदेश तासाभरात राजवाड्यात पोहोचे. यातली खरी युक्ती जाळात नव्हती, घड्याळात होती. लूलोनला आणि राजधानीत एकसारखी चालणारी दोन घड्याळे ठेवलेली, दिवसाचे बारा तास आखलेले आणि प्रत्येक तासाला एकेक मजकूर ठरवून दिलेला. जाळ कोणत्या तासाला पेटला त्यावरून काय घडले ते कळे. पहिली पणती लूलोनवर, शेवटची घराच्या ओटीवर, आणि मधल्या सात पायरी, कट्टा व गडग्यावर ठेवाव्यात. तुळशीवृंदावनापाशी रोजची पणती असतेच, ती यात मोजू नये. बारा चिठ्ठ्यांवर बारा मजकूर लिहून दोन्ही टोकांना एकेक संच द्यावा, तास पाच-पाच मिनिटांचे धरावेत आणि मुलांना बातमी पोहोचवू द्यावी. पेंढा व झावळ्या पणत्यांपासून दूर ठेवाव्यात, हे वेगळे सांगायला नको. ही साखळी पुढे मायकेल तिसरा याने रथांच्या शर्यतीत व्यत्यय नको म्हणून बंद केली, अशी कथा त्याच्या विरोधकांच्या गोटातून आलेली आहे. सांगायची असेल तर तेवढे सांगूनच सांगावी.

शेवटचा प्रसंग मात्र साल सोडून घ्यावा आणि त्यावर वेगळी पाटी लावावी: आंद्रासोस, नोव्हेंबर ९६०. अलेप्पोचा अमीर सैफ अल्-दौला बायझंटाईन मुलुखात खोलवर लूट करून परत निघाला असता निकेफोरोसचा भाऊ लिओ फोकास याने घाटात दोन्ही बाजूंनी दबा धरला आणि त्याच्या फौजेची धूळधाण केली. पाठलाग करणारे रेंगाळावेत म्हणून अमीर सोने-चांदी मागे टाकत निसटला असे सांगतात. मांडताना अमिराच्या फौजेचे तोंड तार्सस-अलेप्पोकडे, म्हणजे परतीच्या दिशेला हवे, आणि ओझ्याची जनावरे, कैदी व गुरे रांगेच्या मध्यात हवीत. शेजारी उंबरखिंडीचा उल्लेख जरूर करावा. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला त्या खिंडीत कोंडले, तेव्हा तो घाट उतरून कोकणात शिरत होता. सैफ अल्-दौला मात्र बाहेर पडताना, लुटीने जड झालेला असताना सापडला. पायथ्याच्या पाटीवर हा फरक दोन ओळींत लिहिला तर मोठी माणसेही वाचतात.

चित्रांचा प्रश्न उरतो. बाजारातले मावळे इथे उभे करू नयेत. शाडूचे साधे स्वार करून त्यांना गेरूने व राखेने दोन रंग द्यावेत, म्हणजे बाजू ओळखू येतात. अरब लेखकांनी कप्पादोकियाच्या सैन्याचा आकडा चार हजार दिला आहे, तेव्हा एक स्वार शंभरांचा धरला तर चाळीस पुरतात, आणि ते सगळे गडावर न ठेवता चौक्या, गावे व घाट यांत पांगवून ठेवावेत. महाराज कुठे आहेत, हे तर प्रत्येक आजोबा विचारणारच. त्यांचे सिंहासन या किल्ल्यावर बसवू नये. शेजारी दोन चिऱ्यांचा वेगळा चौथरा करून त्यावर बसवावे, आणि त्यासाठीची जागा पहिल्याच दिवशी राखून ठेवावी, कारण नंतर ती सिलिशियाच्या मैदानातूनच काढावी लागते.