हिरवा बबल, एकच टिक आणि घाईचे निष्कर्ष : या चुका टाळा

फोनवरून पाठवलेल्या संदेशासोबत दोन वेगवेगळ्या खुणा दिसतात आणि त्या दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. संदेश कोणत्या मार्गाने गेला, हे बबलचा, म्हणजे संदेशाभोवतीच्या फुग्याचा, रंग सांगतो. तो कुठपर्यंत पोहोचला, हे टिक किंवा संदेशाखालचा ‘डिलिव्हर्ड’ हा शब्द सांगतो. समोरच्या माणसाने तो मन लावून वाचला का आणि उत्तर देण्याची त्याची इच्छा आहे का, हे मात्र यांतली कोणतीही खूण सांगत नाही. या विषयातले बहुतेक गैरसमज एका खुणेकडून दुसरीच माहिती काढू पाहण्यातून होतात.

हिरवा रंग म्हणजे ब्लॉक केले, असे समजणे

अ‍ॅपलने २०११ मध्ये आयओएस ५ या आयफोनच्या कार्यप्रणालीसोबत आयमेसेज ही सेवा आणली. तेव्हापासून आयफोनच्या मेसेजेस अ‍ॅपमध्ये इंटरनेटवरून, अ‍ॅपलच्या सर्व्हरमार्फत गेलेला संदेश निळ्या बबलमध्ये दिसतो आणि मोबाइल कंपनीच्या एसएमएस किंवा एमएमएस सेवेने गेलेला हिरव्या. २०२४ मध्ये आयओएस १८ आल्यावर आयफोनमध्ये आरसीएस (एसएमएसची इंटरनेटवरून चालणारी सुधारित आवृत्ती) हा तिसरा मार्गही उपलब्ध झाला. तो चालतो की नाही हे मोबाइल कंपनीवर अवलंबून असते. आरसीएसमध्ये पोच आणि टायपिंगची खूण दिसू शकते, फोटोही चांगल्या दर्जाचे जातात, पण बबल हिरवाच राहतो. त्यामुळे हिरवा म्हणजे ‘साधा एसएमएस’ हे जुने समीकरणही आता पुरते खरे राहिलेले नाही.

नेहमी निळा दिसणारा संवाद अचानक हिरवा झाला, तर त्यामागे अगदी साधी कारणे असू शकतात. समोरच्याने अँड्रॉइड फोन घेतला असेल, त्याचा डेटा बंद असेल, किंवा तुमच्या फोनवरचे आयमेसेजच बंद झाले असेल. केवळ रंग बदलला म्हणून त्याने आपल्याला ब्लॉक केले, असे ठरवण्यास काही आधार नाही. आणखी एक चूक नेहमी आढळते. आलेल्या संदेशाचा करडा रंग पाहून काही जण समोरच्याकडे कोणता फोन आहे याचा अंदाज बांधतात. आलेले संदेश आयफोनवर करड्या बबलमध्येच दिसतात. निळ्या-हिरव्याचा भेद फक्त तुम्ही पाठवलेल्या संदेशांना लागू होतो. पाठवण्यापूर्वीच मार्ग कळावा असे वाटत असेल, तर लिहिण्याच्या रिकाम्या चौकटीतली फिकट अक्षरे पाहावीत. तिथे ‘आयमेसेज’ किंवा ‘टेक्स्ट मेसेज’ असे लिहिलेले असते.

अमेरिकेत या रंगाला सामाजिक प्रतिष्ठेचा वास लागला आहे. मार्च २०२४ मध्ये तिथल्या न्याय विभागाने अ‍ॅपलविरुद्ध मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला, तेव्हा तक्रारीत हिरव्या बबलचाही उल्लेख होता. आपल्याकडे रोजचा पत्रव्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असल्याने तो मानापमान फारसा पोहोचलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपमधला हिरवा बबल ही तर निराळीच गोष्ट आहे. तिथे तो केवळ ‘हा संदेश तुमचा’ एवढेच सांगतो.

हिरव्या संदेशाच्या खर्चाकडे दुर्लक्ष करणे

इंटरनेटचा मार्ग बंद असेल तर संदेश आपोआप एसएमएसने जावा, अशी सोय आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सेंड अ‍ॅज टेक्स्ट मेसेज’ या नावाने असते. सोय चांगली आहे, परंतु ती चालू असल्याचे अनेकांना ठाऊक नसते. आपल्याकडच्या बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतली १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीतली फक्त ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी हेही त्यांत स्वतंत्र मोजले जातात. संदेश लांबला की त्याचे तुकडे होतात आणि जोडणीच्या माहितीला जागा लागत असल्याने देवनागरीच्या प्रत्येक तुकड्यात ६७च अक्षरे बसतात. म्हणजे मराठीत लिहिलेला चार-पाच ओळींचा एक हिरवा संदेश प्रत्यक्षात तीन-चार एसएमएस खातो.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेल्या घरांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. निळा संदेश डेटावरून जातो, पण तोच एसएमएस होऊन हिरवा झाला तर आंतरराष्ट्रीय एसएमएसचे शुल्क लागते. ही सोय बंद केली तर खर्च टळेल. मात्र डेटा नसलेल्या घाटात किंवा गावात संदेश जाणारच नाही, हे गृहीत धरावे.

आयमेसेज सुरू करतानाही फोन गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो. पॅक चालू असूनही मुख्य शिल्लक शून्य असेल, तर तो जात नाही आणि पडद्यावर ‘वेटिंग फॉर अ‍ॅक्टिव्हेशन’ हेच दिसत राहते. सिम बदलून घेतल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. त्या काळात आयमेसेज सुरू होत नाही म्हणून फोन रीसेट करणे म्हणजे आपल्याच डोक्याला ताप. बटण पुन्हा पुन्हा चालू-बंद करण्यातही लाभ नाही. दर वेळी पैसे मात्र कापले जाऊ शकतात.

फोन बदलताना जुनी नोंद तशीच ठेवणे

माझ्या मते ही सर्वांत नुकसानकारक चूक आहे, कारण तिचा पत्ता ती करणाऱ्याला लागत नाही. आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला आणि आयमेसेजमधली नंबरची नोंद रद्द केली नाही, तर इतर आयफोनधारकांचे संदेश निळ्या मार्गानेच निघतात आणि नव्या फोनवर येतच नाहीत. पाठवणाऱ्याला वाटते की आपण कळवले. घेणाऱ्याला वाटते की कोणी विचारतही नाही. सिम काढण्यापूर्वी जुन्या आयफोनवर आयमेसेज बंद करणे हा योग्य क्रम आहे. फोन आधीच विकला असेल, तर अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर नंबर टाकून ही नोंद रद्द करता येते. ही व्यवस्था २०१४ पासून आहे. अँड्रॉइडवर गुगल मेसेजेसमधले आरसीएस चालू ठेवून सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले, तरी अशीच अडचण येऊ शकते. तेव्हा तेही आधी बंद करावे.

टिकांवरून माणसाचा स्वभाव ठरवणे

व्हॉट्सअ‍ॅपची भाषा तशी सोपी आहे. घड्याळाचे चिन्ह म्हणजे संदेश अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक करडी टिक म्हणजे तो सर्व्हरला मिळाला, दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या उपकरणावर पोहोचला, आणि दोन निळ्या म्हणजे वाचला गेला. ही निळी टिक २०१४ मध्ये आली आणि तेव्हापासून ‘ब्लू टिक दिसते, तरी उत्तर नाही’ हा नात्यांतला एक नवा वाद सुरू झाला.

एक टिक बराच वेळ राहिली, तर फोन बंद असणे, डेटा संपणे किंवा रेंज नसणे यांचीच शक्यता अधिक असते. बॅटरी वाचवण्यासाठी काही अँड्रॉइड फोन अ‍ॅपची पार्श्वभूमीतली जोडणी तोडतात. मग अ‍ॅप उघडेपर्यंत पाठवणाऱ्याला एकच टिक दिसते. न पोहोचलेला संदेश सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत थांबतो. ब्लॉक केल्यावरही एकच टिक दिसते हे खरे. परंतु व्हॉट्सअ‍ॅपने या खुणा मुद्दामच संदिग्ध ठेवल्या आहेत, जेणेकरून ब्लॉक करणाऱ्याचा खासगीपणा राखला जावा. त्यामुळे छायाचित्र दिसत नाही, लास्ट सीन दिसत नाही अशा पुराव्यांची कितीही जुळवाजुळव केली, तरी खात्री होत नाही.

दोन करड्या टिका म्हणजे ‘अजून वाचले नाही’, हेही खात्रीचे नाही. नोटिफिकेशनमधून सगळा मजकूर वाचता येतो आणि टिक करडीच राहते. ‘रीड रिसीट्स’, म्हणजे वाचल्याच्या खुणा, बंद असतील तर निळा रंग येतच नाही. मात्र त्या बंद करणाऱ्याला इतरांच्याही दिसत नाहीत. या सवलतीला दोन अपवाद आहेत : ग्रुपमध्ये ती लागू होत नाही आणि व्हॉइस मेसेज ऐकला की त्याची खूण पाठवणाऱ्याला दिसतेच. उलट बाजूने, कार्यालयातल्या संगणकावर चॅट उघडे राहिले, तर खुर्चीत कोणी नसतानाही टिका निळ्या होऊ शकतात.

ग्रुपमध्ये तर टिकेचा अर्थच बदलतो. सर्व सदस्यांना संदेश पोहोचल्यावरच दुसरी टिक येते आणि सर्वांनी वाचल्यावरच ती निळी होते. सोसायटीच्या ग्रुपमध्ये एखाद्याने फोन बंद करून ठेवला असेल, तर ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना बाकी सगळ्यांनी वाचूनही तिच्यापुढे एकच टिक दिसेल. अशा वेळी संदेश दाबून धरून ‘इन्फो’ पाहावे. कोणाला पोहोचला आणि कोणी वाचला याची यादी तिथे मिळते. ब्रॉडकास्ट लिस्टमधून, म्हणजे अनेकांना एकदम पण स्वतंत्रपणे, पाठवलेले निमंत्रण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना जातच नाही, हे लग्नघरांनी विशेष ध्यानात ठेवावे.

‘डिलिव्हर्ड’ या शब्दाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देणे

आयफोनवर हा शब्द शेवटच्या संदेशाखालीच येतो, म्हणून वरच्या संदेशांखाली तो नसण्याने घाबरू नये. संदेश घरी ठेवलेल्या आयपॅडवर पोहोचला, तरी ‘डिलिव्हर्ड’ दिसू शकते. साध्या हिरव्या एसएमएसखाली आयफोन ही पोच दाखवत नाही. अँड्रॉइडच्या गुगल मेसेजेसमध्ये सेटिंग्जमधून एसएमएसची डिलिव्हरी रिपोर्ट चालू करता येते, आणि आरसीएस संवादात व्हॉट्सअ‍ॅपसारख्याच टिका दिसतात. मजकूर सुरक्षित आहे का, हे मात्र टिकेवरून ठरत नाही. त्यासाठी गुगल मेसेजेसमध्ये कुलपाचे चिन्ह पाहावे. ते नसेल, तर बँकेचे किंवा आधारचे तपशील त्या संवादात लिहू नयेत.

लाल उद्गारचिन्ह आणि ‘नॉट डिलिव्हर्ड’ दिसले की तोच संदेश सहा वेळा पाठवण्याची घाई होते. रेंज परतल्यावर तो समोरच्याकडे सहा वेळा पोहोचण्याचा संभव असतो. आधी एखादे वेबपान उघडून डेटा चालतो का ते पाहावे, विमान मोड चालू करून बंद करावा, मग त्या चिन्हावर टिचकी मारून ‘ट्राय अगेन’ निवडावे. परदेशातला नंबर असेल, तर अधिकचे चिन्ह व देशाच्या संकेतांकासह तो जतन केला आहे का, हेही तपासावे. फोनची तारीख-वेळ चुकलेली असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेच जात नाही.

टिकेला सरसकट कायदेशीर पुरावा मानणे

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस ग्राह्य मानली, कारण ती पोहोचल्याचे आणि जोडलेली फाइल उघडल्याचे खुणांवरून दिसत होते. त्यामुळे ब्लू टिक म्हणजे पोचपावतीच, अशी समजूत पसरली. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पोलिसांनी चौकशीसाठी हजर राहण्याची फौजदारी कायद्याखालची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये. म्हणजे एका प्रकारच्या कामात चालणारी खूण दुसऱ्यात चालेलच असे नाही. घरमालकाला किंवा ग्राहकाला महत्त्वाचे काही कळवायचे असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपसोबत ईमेल किंवा नोंदणीकृत टपालही पाठवावे आणि ‘इन्फो’च्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घेऊन ठेवावा, कारण चॅट पुसले गेले किंवा त्यात आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असले, तर ते पान पुन्हा उघडता येत नाही.