गच्चीवरची पहिली दुर्बीण : इंदुरात कोणती घ्यावी, कशी लावावी

खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं दिसलं, की ती दुर्बीण दुकानातच राहू द्या. दुर्बिणीची खरी ताकद पुढच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात असते. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच वर्धन कामाचं. म्हणजे ६० मिमीच्या भिंगाला १२० पट पुष्कळ झालं. त्यापुढे फक्त मोठा, अंधूक डाग दिसतो.

जिना सरळ असेल तर १५० मिमी आरशाची, १२०० मिमी फोकल लांबीची (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतच्या अंतराची) डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घ्या. नळी आणि लाकडी बैठक वेगवेगळी वर नेता येते. जिना गोल नि अरुंद असला तर ७० मिमीची, ७०० मिमी फोकल लांबीची भिंगाची दुर्बीण बरी, पण तिचं स्टँड आधी हलवून बघा. नळीला टिचकी मारल्यावर चित्र दोन-तीन सेकंदांत थांबलं नाही, तर ते स्टँड कुचकामी समजा.

वजनाच्या दांड्याचं विषुववृत्तीय स्टँड (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवता यावी म्हणून ज्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखतात ते) पहिल्या खरेदीत नको. इंदूर साधारण २२.७ अक्षांशावर आहे, म्हणून त्याचा अक्ष बराच खाली झुकवावा लागतो आणि स्वस्त स्टँडमध्ये दांडा तिवईच्या पायाला अडू शकतो. शिवाय ज्याच्याकडे अक्ष रोखायचा, तो ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर. शेजाऱ्यांची पाण्याची टाकी नेमकी तिथेच असते!

वर्धन काढायचं गणित सोपं आहे : दुर्बिणीची फोकल लांबी भागिले आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची, फोकल लांबी. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला की ४८ पट, १० मिमीचा लावला की १२० पट. पहिलं वर्षभर या दोन आयपीसवर छान भागतं.

पहिलं काम दिवसाच करा, सूर्य पाठीशी ठेवून. २५ मिमीचा आयपीस लावून अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या मोबाइल टॉवरचं टोक दृश्याच्या मधोमध आणा. मग नळी न हलवता शोधक दुर्बिणीचे (नळीवर बसवलेल्या, नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे) स्क्रू फिरवत तेच टोक तिच्या फुलीवर घ्या. १० मिमीवर पुन्हा तपासा. हे राहिलं तर रात्री तासभर फिरवूनही गुरू सापडत नाही. चित्र उलटं दिसेल. आरशाच्या दुर्बिणीत ते तसंच असतं.

आता गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि त्या लहरींत गुरू वाहत्या पाण्यातल्या खड्यासारखा थरथरतो. दोष दुर्बिणीचा नाही. खाली मातीचं अंगण असेल तर तिथेच मांडा. नसेल तर उन्हाळ्यात सूर्यास्ताला स्लॅबवर पाणी शिंपडा, तो वाळल्यावर दुर्बीण ठेवा, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटवरून नजर जाणार नाही अशी जागा निवडा. आरसाही हवेइतका निवावा लागतो : झाकणं काढून ३० ते ४५ मिनिटं. पोरांना मात्र धावू देऊ नका. स्लॅब हलला की १२० पटीला तारा उड्या मारतो.

नवख्यांची हमखास चूक फोकसची. मधे काळं भोक असलेली मोठी चकती दिसते आणि ‘तारा केवढा मोठा!’ असं वाटतं. तो फोकसबाहेरचा तारा आणि भोक म्हणजे मधल्या छोट्या आरशाची सावली. तारा लहानात लहान ठिपका होईपर्यंत चाकी फिरवा. त्याच चकतीचा एक उपयोग आहे : तारा दृश्याच्या मध्यावर असताना भोक एका बाजूला सरकलेलं दिसलं, तर आरसे जुळवायला हवेत. यासाठी ध्रुव उत्तम, कारण तो जवळपास हलत नाही. बाकीचे तारे १२० पटीला दीड-पावणेदोन मिनिटांत दृश्य ओलांडतात. म्हणून ग्रह ज्या कडेने आत येतो तिथे धरून हात काढून घ्या.

चंद्र पौर्णिमेला बघू नका, सावल्याच नसतात. शुद्ध सप्तमी-अष्टमीला प्रकाश-अंधाराच्या रेषेवर विवरं उठून दिसतात. गुरूचे चार चंद्र ४८ पटीला दिसतात. शनीचं कडंही ओळखू येतं, फक्त काही वर्षं ते आडवं, सुईसारखं असतं. थंडीत मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ शहरातूनही दिसतो. कृत्तिका मात्र शोधकातच जास्त शोभतात. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास सिमरोलच्या बाजूला जा. इंदूरचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो आणि दक्षिणेला सुमारे २० अंशांवर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सापडतो.

सूर्याकडे दुर्बीण रोखायची तर पुढचं तोंड पूर्ण झाकणारं सौर फिल्टर हवंच. आयपीसला लावायचं छोटं काळं फिल्टर सोबत आलं असेल तर फेकून द्या. उष्णतेने ते तडकतं आणि डोळा जातो.

पावसाळ्यात नळी कोरडी करून झाकणं लावा, आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते. आरशावरची थोडी धूळ चालते. रुमालाने पुसलात तर चरे पडतील, आणि ते निघत नाहीत.