छोटा साउंड मिक्सर: आधी गेन, मग फेडर
नागपुरात उन्हाळी कार्यक्रम म्हटला की खिडकीतला कूलर माइकमध्ये घुमतोच. म्हणून मिक्सरवर बोलण्याच्या प्रत्येक चॅनेलवर (एका माइकच्या बटणांची एक रांग) लो-कट बटण दाबावे, म्हणजे साधारण ८० ते १०० हर्ट्झखालची घरघर बरीच कमी होते. वाऱ्याची सरसर मात्र राहते. त्यासाठी माइकच हलवावा. गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारे बटण) लावताना फेडर (बाहेर जाणारा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) पूर्ण खाली ठेवून, वक्त्याला कार्यक्रमात बोलेल तितक्याच मोठ्याने बोलायला सांगावे (नुसते ‘हॅलो, चेक’ नव्हे) आणि पीएफएल (फेडरच्या आधीचा आवाज मीटरवर दाखवणारे बटण) दाबून मीटर ० डेसिबलच्या आसपास खेळेल, पण लाल दिवा लागणार नाही, इतकाच गेन वाढवावा; मग फेडर वर घ्यावा. कंडेन्सर माइकचा (वीज लागणारा माइक) ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) माइक जोडल्यावर, आवाज बंद ठेवूनच सुरू करावा. स्पीकर सर्वांत शेवटी सुरू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत.