उलथापालथीच्या काळाचं कोलाज कसं करावं

अशांत काळाचं कोलाज म्हटलं की आवळलेली मूठ आणि ठळक घोषणा आधी सुचतात. दोन्ही बाजूला ठेवा. ते पोस्टर होईल.

आधी रद्दी काढा. एकाच आठवड्यातली वर्तमानपत्रं घ्या आणि पहिल्या पानाइतकंच लक्ष जाहिरातींकडे द्या. मोर्चाच्या फोटोशेजारी साबणाची जाहिरात असते, तिथेच तो काळ सापडतो. बर्लिनची चित्रकार हाना ह्योख हिला हे नेमकं कळलं होतं. ती उल्श्टाइन या प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे नमुने काढायची, त्यामुळे सचित्र मासिकं कायम हाताशी. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, पायउतार झाला, जानेवारी १९१९ मध्ये शहरात रक्तपात झाला आणि त्याच महिन्यात जर्मन स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. हे सगळं तिने ‘दादा’ या बंडखोर कलाचळवळीच्या १९२० च्या प्रदर्शनातल्या एका कोलाजमध्ये भरलं. त्याच्या लांबलचक नावात चक्क स्वयंपाकघरातली सुरी आहे!

कापताना चेहरा आणि धड वेगळं करा. ह्योखने सेनानी हिंडेनबुर्गचं डोकं नर्तिकेच्या अंगावर बसवलं आणि कैसरच्या मिशीच्या जागी दोन पैलवान लावले. टीकेचा एक शब्द न लिहिता सत्तेची फजिती झाली.

मग मांडणी. लगेच चिकटवू नका. तुकडे सरकवत राहा, प्रत्येक मांडणीचा मोबाइलवर फोटो घ्या. मोठ्या माणसाला लहान करा, यंत्राचं चाक मोठं ठेवा. सगळं मधोमध गोळा होऊ देऊ नका, कोपरेही बोलू देत. ह्योखच्या चित्रात उजवीकडे खाली युरोपचा नकाशा आहे, स्त्रियांना मताधिकार असलेले देश दाखवणारा, आणि त्याला लागून तिचा स्वतःचा इवलासा चेहरा. माझ्या मते अख्ख्या चित्राची किल्ली तिथे आहे. तुमचीही अशी एक जागा ठरवा: या धामधुमीत तुम्ही कुठे उभे होता?

चिकटवायला जाड पुठ्ठा घ्या. पातळ फेव्हिकॉलने वर्तमानपत्राचा कागद सुरकुततो, ग्लू स्टिक बरी. वर कोरा कागद ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. हा कागद वर्षभरातच पिवळा पडू लागतो. कोलाज टिकवायचं असेल तर कात्रणांच्या चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून त्या वापरा, आणि मूळ कात्रणं तारीख घालून फाइलला लावा.