पाणपोई मांडायची तर माठ घासायला माणूस आधी ठरवा

तान्हेल्याला पाणी द्या, या बायबलमधल्या मत्तय 25 च्या वचनावर मार्चमध्ये चर्चमध्ये संदेश होतो आणि लगेच पाणपोईची फीत कापली जाते. एप्रिल संपता संपता जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा तिथे उरतात कोरडे माठ आणि देणगीदारांच्या नावांचा फलक. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणणाऱ्यांनी फलक तरी लावू नये.

जागा बसथांब्याची, बाजाराच्या वाटेवरची किंवा केळीचे ट्रक भरतात त्या नाक्यावरची धरा. दाट निंबाखाली. परवानगी ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची. चर्चचं आवार नको, परका माणूस आत यायला बिचकतो.

15 लिटरच्या माठात पाव लिटरचे 60 पेले बसतात. सहा माठ भरलेले, दोन धुऊन पालथे. खाली ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट. संध्याकाळी भरा. मत्तय 10:42 मध्ये नुसतं पाणी नाही, गार पाणी म्हटलंय. पण म्हणून बर्फाची लादी टाकू नका. ती लादी बहुधा खाण्याच्या बर्फाची नसतेच.

खरी गोची पाणी शुद्ध ठेवण्यात आहे. ‘माठात दोन झाकणं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) ओता’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. माठाच्या भिंती आणि आतलं शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतात, पाण्याला काही उरत नाही. आधी पाणी चारपदरी फडक्यातून प्लास्टिकच्या पिंपात गाळून घ्या. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, गढूळ पाण्यात औषध वाया जातं. मग बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाका, ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि त्यानंतरच माठात भरा. बाटली उन्हात पडली असेल किंवा तारीख उलटली असेल तर फेकून द्या, तिच्यातलं क्लोरीन उडालेलं असतं. शंका असेल तर गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी, करून घ्या. पाण्याला पिवळसर झाक यायला हवी. लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं की झालं.

माठ दर तिसऱ्या दिवशी काथ्या आणि कढत पाण्याने घासायचा. साबण अजिबात नको. माती तो पिते आणि मग चार दिवस पाण्याला वास मारतो. बाहेरून पांढरी पुटं धरली की क्षारांनी छिद्रं बुजलीत असं समजा. तो माठ आता गार करणार नाही, बदला.

पेला माठात बुडवू देऊ नका. लांब दांड्याच्या ओगराळ्याने वाढा, नाहीतर तोटीचाच माठ घ्या. ओंजळीत, बाटलीत, ज्याला जसं हवं तसं. पेला जात न पाहता सर्वांना सारखाच. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, ते शिवाशिव मोडूनच. आणि तहानलेल्याच्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका.

11 ते 4 दोघांनी बसायचं. कोणी बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर सावलीत आडवं करून ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मृगाचा पाऊस लागला की हवा दमट होते, माठ गार करेनासा होतो. धुवा, कडक वाळवा, पालथे घालून ठेवा.